‘आपल्याकडे आहे काय चोरायला?’ : घरच्यांचे फोन-लॅपटॉप सांभाळणाऱ्यांसाठी

घरात, सोसायटीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये असा एक जण असतोच. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचं व्हॉट्सॲप ‘उडालं’, की त्याला हाक जाते. हे त्याच्यासाठी लिहिलं आहे. काका, मावशी, सासूबाई, शेजारचे निवृत्त मास्तर यांचे फोन आणि लॅपटॉप सुरक्षित कसे करायचे, कुठल्या क्रमाने, आणि केलेलं काम पंधरा दिवसांत का उलटतं, ते पुढे आहे. सेटिंग्ज येतीलच. पण त्याआधी समोरच्याच्या डोक्यात सुरक्षेचं काय चित्र आहे ते काढून घ्यावं लागतं. ती पायरी गाळली की बाकीचं टिकत नाही.

‘आपल्याकडे आहे काय चोरायला?’ असं म्हणणारा माणूस बेफिकीर नसतो. तोच रात्री गॅसचा नॉब दोनदा बघतो आणि दाराची कडी ओढून पाहतो. त्याच्या लेखी हॅकर म्हणजे श्रीमंताचा बंगला हेरून ठेवणारा चोर, आणि आपण चाळीतले. त्या चित्रात अपडेट टाळणं, सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणं अगदी बरोबर बसतं. तुम्ही त्याला ‘स्ट्राँग पासवर्ड ठेवा’ सांगता तेव्हा त्याला ऐकू येतं ते एवढंच : चोर येणारच नाही त्या घराला तिसरं कुलूप लावा.

अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या रिक वॉश यांनी घरगुती वापरकर्त्यांच्या मुलाखती घेऊन २०१० साली अशा आठ समजुती नोंदवल्या, चार व्हायरसबद्दलच्या आणि चार हॅकरबद्दलच्या. कोणता सल्ला पाळायचा आणि कोणता सोडायचा, हे माणसं आपापल्या समजुतीला धरून ठरवतात, हा त्यातला कामाचा मुद्दा. आपल्याकडेही तेच आहे, फक्त समजुतींची यादी थोडी वेगळी निघते.

पहिली पायरी : दहा मिनिटं नुसतं ऐका

फोन हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. चहाच्या वेळी विचारलेत तर उत्तम, कारण परीक्षा घेतोय असं वाटलं की माणूस पेपरात वाचलेली उत्तरं देतो.

१. व्हायरस फोनमध्ये शिरतो तो कसा, काय वाटतं तुम्हाला?
२. हे हॅकर म्हणजे कोण असतात? त्यांना आपलं काय हवं असतं?
३. आपल्या फोनमध्ये काही शिरलं तर आपल्याला कळेल कशावरून?

सर्वांत जास्त माहिती तिसऱ्या प्रश्नातून मिळते.

‘काका, फोनमध्ये काही शिरलं तर तुम्हाला कळणार कसं?’
‘अरे, हँग होईल ना. माझा तर लोण्यासारखा चालतोय.’

इथे लगेच दुरुस्त करायला जाऊ नका. काकांच्या डोक्यात व्हायरस म्हणजे बिघाड, हे तुम्हाला कळलं. म्हणजे फोन नीट चालतोय तोवर ते कुठल्याही सूचनेकडे बघणार नाहीत. उलट फोन खरोखर स्टोरेज भरून हळू झाला, की ‘व्हायरस क्लीनर’ नावाचं पहिलं दिसेल ते ॲप टाकतील. पूर्वीचे व्हायरस स्क्रीन बिघडवायचे, फाइली उडवायचे, म्हणून ही समजूत तयार झाली. आजच्या चोराला फोन सुरळीत चालायलाच हवा असतो. बंद पडलेल्या फोनवर ओटीपी येत नाही.

दुसरी नेहमी भेटणारी समजूत म्हणजे व्हायरस ही रोगराई. ‘मी पेनड्राइव्ह लावतच नाही’, ‘मी तसल्या साइटवर जात नाही.’ हिला इतिहास आहे. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीतून पसरला, आणि ज्यांनी सायबर कॅफेत फॉर्म भरले त्यांनी पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले पाहिले आहेत. स्पर्श टाळला की लागण टळते, हे तेव्हा बरंचसं खरंही होतं. पण मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं आणि १२ मेला ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच भोकातून जगभर घुसला. अपडेट न घेतलेल्या मशीनवर कुणी क्लिक करायचीही गरज पडली नाही. जूनमध्ये त्याच भोकाचा फायदा घेणाऱ्या ‘नॉटपेट्या’मुळे न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं. सोवळं पाळणाऱ्याला हे उदाहरण लगेच पटतं.

तिसरी : ‘तो हुशार पोरगा असतो, त्याने ठरवलं तर काय वाट्टेल ते करेल.’ हे म्हणणारा दैववादी असतो, आणि त्याला आणखी घाबरवलंत तर तो आणखी हात वर करतो. त्याच्याशी शक्यतांवर बोलू नका, नुकसानीची मर्यादा कशी घालायची एवढंच बोला. यूपीआयसाठी बँकेचं खातं वेगळं ठेवण्याचा जो उपाय पुढे आहे, तो त्याला सर्वांत आधी पटतो.

‘अँटीव्हायरस टाकलाय’ म्हणणाऱ्याच्या मनात दारावरचा रखवालदार असतो. रखवालदार झोपला असेल, नूतनीकरण संपून दोन वर्षं झाली असतील, तरी डब्बा घरात आहे ना, हा दिलासा. आणि मालकानेच ‘आत सोड’ म्हटलं तर रखवालदार तरी काय करणार?

‘आपल्याकडे आहे काय चोरायला?’ याला उत्तर द्यायचं असेल तर बँक बॅलन्सबद्दल बोलू नका. त्यांचं नाव चोरीला जातं, असं सांगा. मावशीचं व्हॉट्सॲप हाती आलं की चोर तिच्या तीनशे नातेवाइकांना ‘थोडे पैसे पाठव, उद्या देते’ असं लिहितो, आणि लोक पाठवतात, कारण मावशी आहे. रिकामं बचत खातंही कामाचं असतं. दुसऱ्याचे लुटलेले पैसे त्यातून फिरवले जातात आणि मग पोलिसांची नोटीस खातेदाराच्या दारात येते. दोन हजार सोळा साली ‘मिराय’ नावाच्या व्हायरसने फॅक्टरीचा मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर गोळा करून मोठमोठ्या साइट बंद पाडल्या. त्या कॅमेऱ्यांत तरी चोरण्यासारखं काय होतं?

‘ओटीपी दिला नाही म्हणजे झालं’

ही समजूत खास आपली, आणि आज सर्वांत महाग पडणारी. बँका, पोलीस, कॉलर ट्यून यांनी वर्षानुवर्षं सांगितलं की ओटीपी कुणाला सांगू नका. लोकांनी ते मनापासून घेतलं. मोहीम यशस्वी झाली, पण डोक्यात चित्र उरलं ते असं : ओटीपी ही किल्ली आहे आणि ती फक्त तोंडातून बाहेर पडते. तोंड बंद ठेवलं की आपण सुरक्षित.

चोराने तोंडाचा रस्ता सोडून दिला. चलानच्या एपीकेचं, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइलीचं, उदाहरण जवळून बघा. घरच्यांना समजावताना हेच वापरा.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून फाइल येते. नाव ‘आरटीओ ई-चलान’ किंवा तसंच काही, शेवटी डॉट एपीके. कधी ती लग्नपत्रिका असते, कधी पीएम किसानची यादी. बघणाऱ्याला ती पीडीएफसारखीच दिसते : फाइल आली, उघडून बघू. एपीके हा कागद नाही, तो फोनमध्ये राहायला येणारा माणूस आहे, हा फरक कुणी कधी समजावलेला नसतो. बोट लागतं. फोन म्हणतो, या ठिकाणाहून ॲप टाकायला परवानगी नाही, खाली ‘सेटिंग्ज’. बोट लागतं. ‘अलाउ फ्रॉम धिस सोर्स’चं बटण. बोट लागतं. ‘इन्स्टॉल’. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे गुगलचा ॲप तपासणारा पहारेकरी, अडवतं, ‘मोअर डिटेल्स’खाली बारीक अक्षरांत ‘इन्स्टॉल एनीवे’ असतं. तेही दाबलं जातं. मग एसएमएस वाचण्याची परवानगी, काँटॅक्ट्सची परवानगी. अनेकदा त्यानंतर आयकॉनच दिसेनासा होतो आणि माणूस म्हणतो, ‘उघडलीच नाही फाइल.’

पाच-सहा वेळा फोनने विचारलं आणि पाच-सहा वेळा ‘हो’ मिळालं. यात मूर्खपणा शोधू नका. ‘अलाउ’ दाबल्याशिवाय टॅक्सी येत नाही, भिशीचा हिशेब उघडत नाही, नातवाचा व्हिडिओ कॉल लागत नाही. ‘अलाउ’ म्हणजे ‘पुढे चला’, एवढंच त्याला वापरातून शिकवलं गेलंय. म्हणून सूचना वाचायला शिकवण्यापेक्षा सूचना येणारच नाही अशी सोय करणं बरं.

आता ओटीपी एसएमएसने येतो, ॲप तो वाचतं, पुढे पाठवतं. तोंड बंदच आहे. हाच फोन आपल्या काँटॅक्टना तीच फाइल पाठवू लागतो आणि पुढच्या ग्रुपवर ‘ओळखीच्या माणसाकडून’ आलेली फाइल म्हणून ती उघडली जाते.

तोंडाला वळसा घालणाऱ्या आणखी दोन वाटा. ‘केवायसी करून देतो, हे ॲप टाका’ म्हणत स्क्रीन बघायचं ॲप टाकायला लावणं. त्यात ओटीपी सांगावा लागत नाही, तो समोर दिसतोच. आणि क्यूआर : ‘स्कॅन करा, पैसे येतील.’ इथे एकच वाक्य पाठ करून घ्या, बाकी स्पष्टीकरण नको. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

फोन : या क्रमाने, साधारण अर्धा तास

मेन्यूची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वर भिंगाचं चिन्ह असतं, तिथे शब्द टाका.

आधी एपीकेचं दार. सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, इन्स्टॉल अननोन ॲप्स. यादीतलं व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, टेलिग्राम, जीमेल, सगळं बंद. सॅमसंगच्या अलीकडच्या फोनवर ‘सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’मध्ये ‘ऑटो ब्लॉकर’ आहे, तो चालू केला की हे दार एकदमच लागतं. फक्त एकच गोष्ट करायला वेळ असेल तर हीच करा.

मग प्ले स्टोअर उघडून उजव्या कोपऱ्यातल्या फोटोवर, प्ले प्रोटेक्ट, तिथल्या गिअरमध्ये स्कॅनिंग चालू आहे ना बघा. बऱ्याच फोनवर ते कुणीतरी फुकट सिनेमाचं ॲप टाकताना बंद केलेलं सापडतं.

एसएमएस कोण वाचतं : सेटिंग्ज, प्रायव्हसी, परमिशन मॅनेजर, एसएमएस. इथे मेसेजचं ॲप, बँकेचं, यूपीआयचं ॲप दिसायला हरकत नाही. टॉर्च, कॅलेंडर, कर्जाचं ॲप, ‘क्लीनर’ दिसलं तर परवानगी काढून ॲपच काढून टाका. त्यानंतर ॲक्सेसिबिलिटीची यादी बघा. ही परवानगी मिळालेलं ॲप स्क्रीन वाचू शकतं आणि स्वतः बटणं दाबू शकतं. ज्यांना दृष्टीची अडचण नाही त्यांच्या फोनवर ही यादी बहुधा रिकामी हवी. एखादं ॲप काढू देत नसेल तर त्याने ‘डिव्हाइस ॲडमिन’ (फोनवरचा जादा अधिकार) मिळवलेलं असतं. ते आधी काढा, मग अनइन्स्टॉल.

व्हॉट्सॲप : सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकडी पिन आणि एक ईमेल. ईमेल गाळू नका, पिन विसरल्यावर तोच एक सोपा रस्ता. इथे एक गंमत होते, ती आधीच सांगून ठेवा : पिन लक्षात राहावा म्हणून व्हॉट्सॲप मधूनमधून तो स्वतःहून विचारतं. ज्याला ‘पिन कुणाला देऊ नकोस’ असं तुम्ही शिकवलंय तो घाबरून ॲपच काढून टाकतो. ‘आई, हा पिन फक्त व्हॉट्सॲप उघडल्यावर मागितला तरच टाकायचा, मेसेजमधून किंवा फोनवर कुणी मागितला तर नाही’, एवढं स्पष्ट करा. जाता जाता लिंक्ड डिव्हाइसेस बघा. ओळखीचा नसलेला संगणक दिसला तर लॉगआउट.

लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद. स्क्रीन लॉक नसेल तर लावा, पण सिमला पिन लावायच्या फंदात ज्येष्ठांच्या फोनवर पडू नका. तीनदा चुकला की पीयूके (सिम उघडायचा वेगळा कोड) मागतो आणि रात्री साडेदहाला तुमचाच फोन वाजतो.

आता पैशाची बाजू. हा उपाय समजूत कुठलीही असो, लागू पडतो : यूपीआयला पेन्शनचं किंवा मुख्य बचतीचं खातं जोडू नका. दुसरं खातं काढा, त्यात महिन्याच्या भाजी-औषध-रिक्षाइतके पैसे ठेवा, यूपीआय आणि डेबिट कार्ड त्याच खात्याचं. मुख्य खात्याचं नेट बँकिंग बऱ्याच बँकांत शाखेत अर्ज देऊन ‘फक्त बघण्यापुरतं’ करता येतं. मुदत ठेवी ऑनलाइन मोडता येतात, हे अनेकांना ठाऊकच नसतं, चोराला असतं. दोन्ही खात्यांची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमध्ये जाऊन खाली आणा.

मेसेज ओळखायला शिकवायचं ते इतकंच. बँकेचा किंवा सरकारचा एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. इंग्रजी अक्षरांच्या नावाने येतो. महावितरणच्या मेसेजच्या नावात ‘एमएसईडीसीएल’ ही अक्षरं असतात. ‘आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर अधिकाऱ्याला फोन करा’ असं दहा आकडी नंबरवरून आलं की ते खोटं. नाव बनवूनही मेसेज पाठवले जातात, म्हणून नाव बरोबर असलं तरी लिंकवर जायचं नाही. बिल, चलान, केवायसी जे काही असेल ते आपण स्वतः ॲप किंवा साइट उघडून बघायचं. चलान असेलच तर ते महाट्रॅफिक ई-चलान डॉट गव्ह डॉट इनवर गाडीच्या नंबरने दिसतं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांच्या साइट आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात, पत्त्याचा शेवट बघायची सवय लावायला हे सोपं निमित्त आहे.

लॅपटॉप

इथे थोडक्यात उरकतं, एक-दोन जागा सोडल्या तर.

‘माझ्या लॅपटॉपमध्ये पाच व्हायरस सापडलेत, उजवीकडे खाली येतंय सारखं’, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मशीनमध्ये व्हायरस नसतो. कुठल्यातरी साइटने ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ विचारलं, त्यांनी ‘अलाउ’ केलं, आणि आता ती साइट अँटीव्हायरसच्या वेषात जाहिराती पाठवते. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी खाली असते, ती साफ करा, आणि वर ‘साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका’ अशा अर्थाचा पर्याय निवडा. दोन मिनिटांत ‘व्हायरस’ जातो. या निमित्ताने समजूतही सुधारता येते : इशारा कुणी दिला ते बघ, काय लिहिलंय ते नंतर.

पूर्ण स्क्रीन भरून भोंगा वाजवत ‘या नंबरवर फोन करा’ आलं तर एस्केप दाबून धरायचं. नाही गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, यादीतून ब्राउझर निवडून एंड टास्क. परत उघडल्यावर ‘रिस्टोअर’ला नाही म्हणायचं, नाहीतर तेच पान परत येतं.

रोजचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर नको. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथे आधी नवं खातं काढा, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा, पासवर्ड डायरीत लिहा, त्या खात्याने एकदा लॉगिन होऊन बघा, आणि मगच रोजच्या खात्याला ‘स्टँडर्ड’ करा. क्रम उलटा नको. यानंतर काही इन्स्टॉल करताना मशीन पासवर्ड मागतं; ते मागणं हाच फायदा. पण हिशेबाचं सॉफ्टवेअर दर महिन्याला अपडेट होत असेल तर दर महिन्याला तुम्हाला बोलावणं येईल, आणि तिसऱ्या महिन्यात ते वैतागून पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून स्क्रीनला लावतील. अशा घरी हा बदल करू नका.

अपडेट. लोकांना अपडेटचा राग आहे आणि तो रास्त आहे : रिटर्न भरायच्या दिवशी ‘३० टक्के, बंद करू नका’. सेटिंग्ज, विंडोज अपडेटमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ त्यांच्या कामाच्या वेळेवर लावा, आणि आठवड्यातली एक रात्र लॅपटॉप चार्जरला लावून नुसता चालू ठेवायला सांगा. विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. जुनं मशीन विंडोज ११ घेत नसेल तर घरगुती वापरासाठी मुदतवाढीची नोंदणी अपडेटच्याच पानावर आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते.

क्रॅक सॉफ्टवेअर : ‘इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद करा’ असं जिथे लिहिलंय तिथे ते का लिहिलंय, एवढाच प्रश्न विचारा. डीटीपीवाल्यांची अडचण वेगळी आहे. जुन्या फॉन्टमधल्या वीस वर्षांच्या पत्रिका आणि अहवाल पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेले असतात आणि ते जुन्या विंडोजशिवाय उघडत नाहीत. त्यांना ‘अपग्रेड करा’ सांगणं म्हणजे दुकान बंद करा सांगणं. ते मशीन राहू द्या, त्याची नेटची वायर काढा, वाय-फायचा पासवर्ड पुसा, फाइली एकाच ठरावीक पेनड्राइव्हने न्या-आणा, आणि तो पेनड्राइव्ह नव्या मशीनवर आधी स्कॅन करा.

पासवर्ड : वही चालते

वहीत पासवर्ड लिहिणाऱ्याला ओरडायची पद्धत आहे. ओरडू नका. कपाटातली वही चोरायला घरात यावं लागतं. तुमच्या पासवर्डवर डोळा ठेवणारा दुसऱ्या राज्यात बसलेला असतो. वही नसेल तर माणूस काय करतो? मुलाचं नाव, ॲट, एकदोनतीन, आणि तेच सगळीकडे. एका फालतू खरेदीच्या साइटवरून तो फुटला की तोच ईमेलवर लावून बघितला जातो. दर ९० दिवसांनी बदलायला लावलं की शेवटचा आकडा एकने वाढतो, एवढंच. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ मध्येच मुदतीनुसार बदलायची सक्ती करू नका असं सांगितलं.

ईमेलचा पासवर्ड मात्र कुठल्याही परिस्थितीत वेगळा हवा, कारण बाकी सगळ्यांचा ‘विसरलात का?’ तिथेच येतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा : खुरपी, तिकीट, उंबर, सतरंजी, या जातीचे (हेच नव्हेत). लांबी पुरेशी होते आणि टाइप करताना चुकत नाही. फक्त स्पेलिंगचा घोळ होतो. खुरपीत ‘आर’नंतर ‘ए’ घातला होता की नाही, हे महिन्याने आठवत नाही, म्हणून वहीत अक्षरन् अक्षर लिहा. गुगलच्या खात्याला टू-स्टेप लावून जे दहा बॅकअप कोड मिळतात तेही त्याच वहीत. यूपीआयचा आणि एटीएमचा पिन वहीत नको, कार्डाच्या पाकिटात तर नकोच.

घाई, भीती आणि एक चिठ्ठी

एवढं करूनही फोनवरच्या माणसाला सेटिंग अडवू शकत नाही. ‘तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, व्हिडिओ कॉल बंद करू नका’ असं गणवेशातला माणूस सांगतो तेव्हा माणूस संगणकाचा विचार करतच नसतो. तो अब्रूचा विचार करत असतो. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कायद्यात नाही, हे आधी माहीत असलं तरच त्या क्षणी आठवतं. फोन चार्ज करायच्या जागी, भिंतीवर, मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा :

‘पैसे घ्यायला पिन लागत नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. कुणीही फोन केला तर ठेवायचा आणि आपण पासबुकावरच्या नंबरवर लावायचा. शंका आली की अमक्याला फोन, कितीही वाजले असोत.’

चारच वाक्यं. पाचवं घातलंत की चिठ्ठी वाचली जात नाही.

घडून गेलं तर

पहिला तास महत्त्वाचा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात आणि काढले जातात. वाटेत कुठेतरी ते गोठवायचे असतात.

१. त्या फोनचा डेटा आणि वाय-फाय बंद, फ्लाइट मोड. स्विच ऑफ किंवा फॅक्टरी रीसेट लगेच नको. व्यवहाराचे मेसेज पुरावा असतात. दुसऱ्या फोनने त्यांचे फोटो काढा.
२. दुसऱ्या फोनवरून १९३० लावा. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर (व्यवहार क्रमांक), रक्कम, वेळ, खात्याचा नंबर हाताशी ठेवा. लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार भरा, तोवर दुसऱ्या कुणीतरी नंबर लावत राहावं.
३. बँकेला कळवा, कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करवून घ्या, तक्रारीचा क्रमांक घ्या. बँकेचा नंबर कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून. इंटरनेटवर शोधून मिळालेला कस्टमर केअर नंबर अनेकदा दुसऱ्या चोराचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर भार येत नाही. चूक तुमची असली तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणजे कळवल्याची वेळ लेखी हवी.
४. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. त्याच फोनवरून बदललेत तर नवा पासवर्डही चोरच वाचणार.
५. फोनच्या डायलरमधल्या सेटिंग्जमध्ये कॉल फॉरवर्डिंग बघा. अनोळखी नंबर असेल तर काढा.
६. तक्रार नोंदवून झाल्यावर फोटो, काँटॅक्ट बाजूला काढा आणि मग फॅक्टरी रीसेट. बॅकअपमधून ॲप्स परत आणू नका, प्ले स्टोअरवरून एकेक टाका.

या सगळ्याच्या आधी येणारा उशीर वेगळाच असतो. माणूस दोन दिवस कुणाला सांगत नाही, कारण तुम्ही रागवाल. मागच्या वेळी साध्या नोटिफिकेशनसाठी आल्यावर तुम्ही ‘कशाला दाबलंत?’ म्हटलं होतं, ते लक्षात राहिलेलं असतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ची यादी उघडा. एखादं बटण परत चालू झालेलं दिसलं तर लगेच बंद करू नका. ‘हे कशासाठी लागलं होतं?’ विचारा. क्रिकेटचं फुकट प्रक्षेपण, पतपेढीच्या एजंटाने पाठवलेलं ॲप, नातवाचा गेम, काहीतरी निघतंच. त्या कामाची प्ले स्टोअरमधली सोय आधी करून द्या, आणि मग बटण बंद करा.